पेन्सिलची फुली

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मुलाला वसतिगृहात ठेवताना किंवा घर भाड्याने घेताना आपण ‘अनामत रक्कम’ भरतो. हा शब्द इतका मराठी झाला आहे, की तो पाहुणा आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मूळ अरबी शब्द ‘अमानत’. बोलता बोलता आपण त्यातल्या ‘म’ आणि ‘न’ यांची अदलाबदल केली आणि तो आपलासा केला. आमच्या घरात मात्र तो मूळ रूपातच बोलला जायचा. शेजारच्या बायका गावाला जाताना माझ्या आजीकडे आपली बोरमाळ, पाटल्या फडक्यात बांधून ठेवायच्या. आजी त्या पुडक्याची गाठसुद्धा सोडायची नाही. ज्या गाठीने आलं, त्याच गाठीने परत गेलं पाहिजे, असा तिचा नियम होता. तिच्या हिशेबी ही अमानत होती. आणि अमानतीला दगा देणं म्हणजे ‘खयानत’. निजामाच्या राजवटीत आपल्या मराठवाड्याच्या कचेऱ्या उर्दूत चालायच्या, तेव्हा हे दोन्ही शब्द इथल्या जुन्या माणसांना चांगले ठाऊक होते.

आज मी बोलणार आहे ते अशाच एका अनामतीविषयी. तुमच्या-आमच्या पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या फंडाविषयी. भविष्यनिर्वाह निधी हे त्याचं कागदावरचं नाव. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या साधारण १२ टक्के आपले कापले जातात, तेवढाच वाटा मालक घालतो. हा पैसा पेटीत बांधून ठेवत नाहीत, तो गुंतवावा लागतो. आता प्रश्न असा, की गुंतवलेला पैसा बुडाला तर भरून कोण देणार? ज्यांनी तो गुंतवला त्यांनी? मालकाने? सरकारने? की ज्याच्या घामाचा तो होता त्यानेच कपाळाला हात लावून बसायचं?

हा प्रश्न मला एका सहीमुळे पडला. ती सही माझीच होती.

मी ज्या संस्थेत कारकून होतो, तिथे कर्मचाऱ्यांच्या फंडाचा स्वतंत्र ट्रस्ट होता. मोठ्या आस्थापनांना तशी मुभा असते. सरकारी भविष्यनिर्वाह निधी संघटनेकडे पैसा न पाठवता आपलाच ट्रस्ट करून तो सांभाळायचा, अटी मात्र सरकारच्या पाळायच्या. विश्वस्त मंडळात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्याच संख्येने घ्यावे लागतात. कामगारांच्या बाजूने एक जागा रिकामी झाली आणि लोकांनी मला पुढे केलं. कारण एवढंच, की मी कविता लिहितो, म्हणजे मला लिहिण्या-वाचण्यातलं कळत असणार. मलाही मान वाटला. लेटरहेडवर नाव छापून आलं, तो कागद मी घरी नेऊन दाखवला.

गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. एक दिवस टेबलाटेबलावरून फिरत एक इंग्रजी ठराव माझ्यापुढे आला. बैठक झाली नव्हती. चाळीस लाख रुपये एका सहकारी बँकेत मुदत ठेवीत ठेवायचे, तिथे अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं, असा त्याचा मजकूर होता. सही कुठे करायची, तिथे पेन्सिलने फुली मारून ठेवली होती. माझ्याआधी चार सह्या झाल्या होत्या. मी फुलीवर सही केली आणि चहाला गेलो.

दीड वर्षाने त्या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. ठेव अडकली. लेखापरीक्षकाने दाखवून दिलं, की फंडाचा पैसा कुठे गुंतवायचा याचा सरकारने ठरवून दिलेला साचा असतो आणि त्या साच्यात ही ठेव बसतच नव्हती. त्याच सुमारास आमचे एक चालक निवृत्त झाले. मी त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलेलं. फंडाची रक्कम यायला सात महिने लागले. मधल्या काळात त्यांनी सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी पैसे उचलले. एकदा ते कार्यालयाच्या फाटकाशी भेटले आणि म्हणाले, “भाई, त्या कागदावर तुमची बी सही हाय म्हनं?”

मी हो म्हणालो.

“मग तुमी वाचलंच असंल की,” असं म्हणून ते निघून गेले.

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पुढे सर्व विश्वस्तांना खुलाशाची नोटीस आली. मी ओळखीच्या वकिलांकडे गेलो आणि म्हणालो, “साहेब, मी तो ठराव वाचलाच नव्हता, असं लिहून देऊ का?” ते हसले. म्हणाले, “अहो, तो बचाव नाही, तो कबुलीजबाब आहे.”

त्यानंतर मी कायदा वाचायला बसलो. बी.ए.पर्यंत शिकलेला माणूस शब्दकोश हाताशी घेऊन जेवढा वाचू शकतो, तेवढा वाचला. त्यातून जे कळलं, ते आज आपल्यापुढे मांडतो.

आपल्याकडे १८८२ सालचा भारतीय विश्वस्त कायदा आहे. त्याचं १५वं कलम सांगतं, की साधारण शहाणपणाचा माणूस स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेतो, तेवढी काळजी विश्वस्ताने दुसऱ्याच्या मालमत्तेची घ्यावी. तेवढी घेऊनही नुकसान झालं, तर तो जबाबदार नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बाजार पडला, रोख्यांचे भाव उतरले, एवढ्यावरून विश्वस्ताला कुणी फासावर चढवत नाही. नशिबाची शिक्षा कायदा देत नाही. पण पुढे २३व्या कलमात तो कडक होतो. विश्वस्ताने घालून दिलेली अट मोडली आणि त्यापायी नुकसान झालं, तर ते त्याने भरून द्यायचं. पैसा त्याच्या खिशात गेला की नाही, हा प्रश्नच नाही. आमच्यापैकी एकानेही त्या ठेवीतला रुपया खाल्ला नव्हता. तरी अट मोडली होती.

२४वं कलम तर मला फार आवडलं. एका ठिकाणी अट मोडून तोटा केला आणि दुसऱ्या ठिकाणी अट मोडून नफा केला, तर विश्वस्ताला ‘यातून ते वजा करा’ असं म्हणता येत नाही. तोटा तुझा, नफा फंडाचा. माझी आजी हे ऐकून मान डोलावली असती.

आणि २६वं कलम. एका विश्वस्ताच्या चुकीसाठी दुसरा सहसा जबाबदार नसतो. पण सोबत्याने गैर केलं हे माहीत असून जो ते झाकतो, किंवा वेळेत हालचाल करत नाही, तोही त्या नुकसानीचा धनी होतो. आपल्याकडे ‘मला कशाला त्या भानगडीत पडायचं’ हे सज्जनपणाचं लक्षण मानतात. विश्वस्ताच्या खुर्चीत ते चालत नाही. मुळात विश्वस्त व्हायलाच पाहिजे, अशी कायद्याची कुणावर सक्ती नाही. १०वं कलम तसं स्पष्ट म्हणतं. मानासाठी खुर्ची घ्यायची आणि कामासाठी नाही म्हणायचं, एवढीच सोय त्यात ठेवलेली नाही.

हा झाला जुना, सर्वसाधारण कायदा. कामगारांच्या फंडासाठी १९५२ साली वेगळा कायदा झाला. आता तो २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. नाव बदललं, तरी १९५२च्या योजनेने घालून दिलेलं तत्त्व आपण सर्वांनी समजून घ्यावं असं आहे. ज्या आस्थापनेला स्वतःचा ट्रस्ट ठेवायची सूट दिली, तिने कर्मचाऱ्यांना सरकारी संघटना जाहीर करते त्यापेक्षा कमी व्याज द्यायचं नाही. कमी पडलं तर मालकाने पदरचं घालायचं. ट्रस्ट चालवण्याचा खर्चही मालकाचाच. गुंतवणुकीवर कुणी दलाली किंवा बक्षिसी दिली, तर तीही फंडाच्याच खात्यात जमा व्हायची. आणि सगळ्यात महत्त्वाची अट ही, की चोरी, अफरातफर किंवा ‘अन्य कोणत्याही कारणाने’ फंडाला तूट आली, तर ती मालकाने भरून द्यायची. ‘अन्य कोणत्याही कारणाने’ या तीन शब्दांनी किती घरं वाचवली असतील! आमच्या संस्थेला चाळीस लाख व्याजासह भरावे लागले, ते या अटीमुळेच. अण्णांना त्यांचा फंड पै न पै मिळाला. सावकाराचं व्याज मात्र त्या भरपाईत नव्हतं. ते कुठल्याच कायद्यात बसत नव्हतं.

आमचं प्रकरण लहान होतं. देशाने मोठी पाहिली आहेत. २०१८ साली आयएल अँड एफएस हा पायाभूत सुविधांना पैसा पुरवणारा बलाढ्य समूह कर्जाचे हप्ते चुकवू लागला. त्याच्यावर ९० हजार कोटींहून जास्त कर्ज होतं. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत त्याच्या रोख्यांना सर्वोच्च मानांकन होतं, म्हणून अनेक कंपन्यांच्या फंड ट्रस्टनी ते घेतले होते. इथे विश्वस्तांनी साचा मोडला नव्हता. ज्यांच्या शिक्क्यावर विसंबायचं, त्यांचा शिक्काच खोटा निघाला. तरीही ‘अन्य कोणत्याही कारणाने’ या शब्दांचा आधार कर्मचाऱ्यांना होता. विश्वस्त निर्दोष असला, तरी तूट मालकाची.

दुसरं उदाहरण उत्तर प्रदेशातलं. तिथल्या वीज कर्मचाऱ्यांच्या फंडाचे चार हजार कोटींहून जास्त रुपये डीएचएफएल या खासगी गृहकर्ज कंपनीत ठेवले गेले. त्यातले सव्वादोन हजार कोटींच्या घरातले २०१९मध्ये अडकले. ट्रस्टच्या सचिवापासून वीज महामंडळाच्या माजी व्यवस्थापकीय संचालकांपर्यंत अटका झाल्या. कर्मचारी रस्त्यावर उतरले, तेव्हा राज्य सरकारला रकमेची हमी द्यावी लागली. हमी मिळाली हे चांगलंच झालं. पण ती मिळाली ती हजारो लोक एकत्र होते म्हणून. चाळीस-पन्नास माणसांच्या फंडासाठी कुठलं सरकार रात्री बैठक घेतं?

आपल्या शेजारचंही सांगतो. २००२ साली ‘होम ट्रेड’ प्रकरण गाजलं. सरकारी रोखे घेतो म्हणून पैसे दिले आणि रोखे आलेच नाहीत. त्यात नागपूरची जिल्हा बँक होती, आपल्या शेजारच्या उस्मानाबादची, म्हणजे आजच्या धाराशिवची जिल्हा बँक होती आणि खलाशांचा भविष्यनिर्वाह निधीही होता. ज्या खलाशाने आयुष्य समुद्रावर काढलं, त्याचा फंड मुंबईतल्या एका दलालाच्या कागदावर बुडाला. नागपूर बँकेच्या माजी अध्यक्षांना न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती डिसेंबर २०२३मध्ये, आणि त्यावरही अपील झालं. मधे एकवीस वर्षं गेली. एवढ्या काळात माणूस निवृत्त होतो, म्हातारा होतो आणि जातोसुद्धा.

परदेशात सगळं आलबेल होतं, असं समजू नका. अमेरिकेत १९६३ साली स्टुडबेकर मोटारींचा साउथ बेंडचा कारखाना बंद पडला आणि हजारो कामगारांचं निवृत्तिवेतन बुडालं. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९७४ साली तिथे कायदा झाला, की फंड सांभाळणाऱ्याने कर्तव्य मोडून केलेलं नुकसान स्वतःच्या खिशातून भरायचं. ब्रिटनमध्ये रॉबर्ट मॅक्सवेल १९९१ साली मरण पावला, तेव्हा त्याच्या वृत्तपत्रांतल्या कामगारांच्या निवृत्तिनिधीतून कोट्यवधी पौंड गायब असल्याचं कळलं. तिथला कायदा सुधारायला १९९५ साल उजाडलं. कुंपणाने शेत खाल्ल्यावरच कुंपणाचा कायदा होतो, हे सगळीकडे सारखंच.

आता बीड जिल्ह्यात येऊ. इथे बहुतेक कामगारांचा पैसा गुंतवणुकीत बुडण्याआधीच बुडतो, कारण तो कापला जातो आणि भरलाच जात नाही. पगारपत्रकावर कपात दिसते, खात्यात शून्य. हेही साधं थकवणं नाही. मालकाने कापलेली वर्गणी ही त्याच्याकडे सोपवलेली ठेव आहे असं फौजदारी कायदा धरतो. ती न भरणं म्हणजे फौजदारी स्वरूपाचा विश्वासघात. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या ४०५व्या कलमात होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१६व्या कलमात आहे. म्हणजे आजीची खयानतच! आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने मराठवाड्यातल्या सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात निर्णय दिला, की राज्य सहकारी बँकेकडे तारण ठेवलेल्या साखरेवरही पहिला हक्क कामगारांच्या थकलेल्या फंडाचा. बँक नंतर. हा निकाल प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर लावायला हवा.

आमच्या जिल्हा परिषदेच्या तरुण शिक्षकांची गोष्ट आणखी वेगळी. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. त्यांचा पैसा पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत गेला. तो सांभाळायलाही विश्वस्त आहेत, नियंत्रक आहे. पण नियम पाळूनही बाजारात तोटा झाला, तर तो शिक्षकाचा. तिथे ‘अन्य कोणत्याही कारणाने’ हे तीन शब्द नाहीत. मार्च २०२३मध्ये राज्यभर संप झाला, तेव्हा ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा आपण रस्त्यावर ऐकली. त्या घोषणेच्या पोटात खरा प्रश्न हाच होता. तोटा कुणाचा?

श्रोतेहो, शेवटी मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट सांगतो. फंड फंडात असेपर्यंत त्याच्याभोवती कायद्याची इतकी कुंपणं आहेत. निवृत्तीच्या दिवशी धनादेश हातात पडला, की त्या क्षणी सगळी कुंपणं संपतात. मग आपण काय करतो? जो जास्त व्याज सांगेल त्याच्याकडे जातो. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये कितीतरी निवृत्तांनी आयुष्याची पुंजी ठेवली होती. २०२३च्या अखेरीस शाखांमधून पैसे मिळेनासे झाले. दोन हजार कोटींहून अधिक रक्कम एका उद्योगसमूहाकडे वळवली, असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवील. पण एक गोष्ट आधीच ठरलेली होती आणि ती आपण विचारली नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतल्यासुद्धा. पतसंस्थेतल्या, मल्टिस्टेट पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. पाटीवर ‘मल्टिस्टेट’ लिहिलं म्हणजे ती बँक होत नाही.

ज्या अर्ध्या टक्क्यासाठी आमच्या विश्वस्त मंडळाने माती खाल्ली, त्याच्या कितीतरी पट मोहाने लोकांनी स्वतःच्या पैशावर सही केली. निवृत्त माणूस हा स्वतःच्या म्हातारपणाचा विश्वस्त असतो. साधारण शहाणपणाची ती जुनी कसोटी त्यालाही लागू आहे, फक्त त्याला नोटीस पाठवणारं कुणी नसतं.

म्हणून एवढंच सांगेन. जे नोकरीत आहेत त्यांनी या आठवड्यात एक काम करावं. आपला फंड नेमका कुठे आहे, सरकारी संघटनेकडे की स्वतंत्र ट्रस्टकडे, हे विचारावं. ट्रस्ट असेल तर विश्वस्त कोण, मागच्या वर्षी पैसा कशात गुंतवला, हे विचारावं. कापलेली रक्कम खात्यात पडते का, हे मोबाइलवर बघावं, मुलाकडून बघून घ्यावं. विचारण्यात अविश्वास नाही. ‘विश्वास पानिपतात गेला’ असं आपण हसत म्हणतो, पण विश्वास पानिपतापर्यंत जावा लागत नाही. तो न वाचलेल्या कागदावरच जातो.

आणि जे कुणी कुठल्या पतसंस्थेत, ट्रस्टमध्ये, मशिदीच्या किंवा मंदिराच्या मंडळावर आहेत त्यांना हात जोडून सांगतो, पेन्सिलची फुली दिसली की आधी ती खोडून टाका. कागद घरी न्या. भाषा कळत नसेल, तर कळणाऱ्याकडून समजून घ्या. सगळे सही करून बसले असले, तरी आपली सही राहू द्या.

अण्णा आता नाहीत. त्यांची लेक सुखात आहे, परळीला असते. रमजान ईदला ती मला आठवणीने फोन करते. दरवेळी मी फोन उचलतो, तिच्याशी बोलतो, आणि दरवेळी तिच्या वडिलांनी फाटकाशी म्हटलेलं ते वाक्य मला ऐकू येतं. मग तुमी वाचलंच असंल की.